लढायांच्या मुलुखात, खांडबाऱ्याच्या मुक्कामी

खांडबाऱ्याला राहण्यासारखे आहे तरी काय, हा प्रश्न मला नंदुरबारात दोघांनी आणि नवापुरात तिघांनी विचारला. सगळ्यांचा सूर एकच. 'अहो, नंदुरबारला चांगली हॉटेले आहेत, लिफ्टवाली. खांडबाऱ्याला कशाला?' प्रश्न रास्तच होता. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्यामधले हे गाव. लांब पल्ल्याच्या बऱ्याचशा गाड्या धडधडत निघून जातात. पॅसेंजर थांबते, चार टोपल्या उतरतात, सहा चढतात आणि गार्ड शिट्टी फुंकतो. भोवती भाताची रिकामी खाचरे, तुरीची शेते आणि थोडे वर पाहिले की डोंगराच्या रांगा.

पण माणसांनी मुक्काम करायचा आणि पुढे जायचे, हे या पट्ट्याचे फार जुने काम. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा मोगलाईतला व्यापारी रस्ता याच अंगाने जाई. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात नवापूर, नंदुरबार, थाळनेर असे एकेक टप्पे लिहून ठेवले आहेत. नवापूरच्या तांदळावर तर तो खूश झाला होता. दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा, असे तो म्हणतो. हिरे-माणके पारखणाऱ्या माणसाने तांदळाची एवढी तारीफ करावी, यातच त्या तांदळाचे मोल आले! व्यापाराचा रस्ता म्हणजे सैन्याचाही रस्ता. ज्या वाटेने बैलांचे तांडे जातात, त्याच वाटेने तोफाही जातात. म्हणून या मुलुखात लढायांच्या जागा शोधायच्या, तर मुक्काम या वाटेवरच करावा, असे मी ठरवले होते.

मुक्कामाची जागा म्हणजे खाली खानावळ आणि वर चार खोल्या. पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असे लिहिलेले असले तरी कारभार सगळा घरचा. गल्ल्यावर तात्या, पासष्टीच्या पुढचे. चुलीपाशी काकू आणि मोठी सून. धाकटा मुलगा बाजारहाट करतो आणि गिऱ्हाईक असेल तेव्हा स्वतःची जीप चालवतो. मोठा मुलगा सुरतेला नोकरीला. नातू सातवीत, संध्याकाळी शाळेतून आला की पाण्याचे जग भरणे त्याच्याकडे. शिवाय भाकरी थापायला एक मावशी. त्या तळोद्याकडच्या, पण वीस वर्षांपासून इथेच. खोलीत एक लोखंडी पलंग, एक खुर्ची, भिंतीवर गतवर्षीचे कॅलेंडर. गरम पाणी बंबातले, बादलीने वर आणून मिळे. सकाळी सहाला दार वाजे आणि बाहेर चहाचा पेला ठेवलेला असे. असला थाट मोठ्या हॉटेलात नाही, कारण तिथे दार वाजवायचे धाडस कोण करणार?

जेवणाबद्दल लिहायचे तर हा लेख तिथेच संपेल. तरी कळण्याची भाकरी, भरीत आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढे तरी नोंदवलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुरीचे वरण होते. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे मला वर्तमानपत्रात वाचून ठाऊक होते. काकूंना ते कळवल्यावर त्या म्हणाल्या, 'ते सरकारला आत्ता कळलं का?'

पहिल्या संध्याकाळी तात्यांनी नोंदवही पुढे सरकवली. नाव, गाव, वय आणि शेवटी 'येण्याचे कारण'. वरच्या सगळ्या ओळींत 'खासगी काम', 'बँक काम', 'लग्न' असे लिहिलेले. मी लिहिले, 'लढायांच्या जागा पाहणे'. तात्यांनी वही उलटी फिरवून वाचले, चष्मा वर सारला आणि अहिराणीत विचारले, 'आठे कोणती लढाई व्हयनी भो?'

मी साल्हेर म्हटले. ते त्यांना ठाऊक होते. नंदुरबारचा शिरीषकुमार म्हटले. त्यावर त्यांनी मान डोलावली. थाळनेर म्हटल्यावर ते म्हणाले, 'ते लताबाईंचं आजोळ ना?' ते खरेच आहे. लता मंगेशकरांच्या मातोश्री थाळनेरच्या. रावलापाणी म्हटले तेव्हा ते गप्प झाले. मग मावशी ताट घेऊन आल्या आणि विषय तिथेच राहिला.

साल्हेरला जायचे तर खांडबाऱ्याहून विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, पिंपळनेर, ताहाराबाद. दिवस पुरतो, पण पाय पुरत नाहीत. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. माथ्यावर परशुरामाचे देऊळ आहे. मी निम्म्यातून खाली आलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. लढाई मात्र वर झालीच नव्हती, ती झाली खाली, मोकळ्या मैदानात. फेब्रुवारी १६७२ मध्ये इखलासखान आणि बहलोलखान यांचा किल्ल्याला वेढा पडला होता. कोकणातून मोरोपंत पिंगळे आणि दुसऱ्या अंगाने प्रतापराव गुजर येऊन मोगलांवर पडले. चार प्रहर लढाई झाली, असे सभासद सांगतो. सूर्यराव काकडे पडले, जंबूरियाचा गोळा लागून. पण मोगलांची फौज मोडली आणि मोगलांना उघड्या मैदानात समोरासमोर हरवता येते, हे मराठ्यांना कळले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. मैदानात आज शेते आहेत. एका शेतकऱ्याने लांबूनच हात करून सांगितले, 'लढाईची जागा ना? ही अख्खी.' त्या उत्तरात मला काही कमी वाटले नाही.

नंदुरबार तसे जवळ. १ जुलै १९९८ पासून ते जिल्ह्याचे ठिकाण आहे, त्याआधी सगळा धुळे जिल्हा. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी पडतात. एकरच्या एकर लाल जमीन आणि वाऱ्याबरोबर येणारी ठसक! त्यातून माणेक चौकात यावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास अशी पाच मुले गेली. शिरीषकुमार जेमतेम पंधरा वर्षांचा, हातात झेंडा. पोलिसाने मुलींच्या रांगेवर बंदूक रोखली तेव्हा तो पुढे झाला, असे गाव सांगते. चौक लहान आहे. वाटते त्याहून फारच लहान. बंदूक आणि मूल यांच्यात किती पावलांचे अंतर असेल, याचा हिशेब उभ्या उभ्या मनात होतो आणि तिथे फार वेळ थांबवत नाही.

थाळनेरला मात्र मी दिवसभर बसलो. दोंडाईचामार्गे शिरपूरच्या बाजूला जायचे. तापीच्या उंच दरडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. गावात फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यांतली एक अष्टकोनी आणि फार नाजूक कोरीव कामाची. चौदाव्या शतकात खानदेशच्या या राज्याची सुरुवातीची राजधानी इथे होती. मी मात्र आलो होतो २७ फेब्रुवारी १८१८ या एका दिवसासाठी.

महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचा पराभव झाला आणि पुढे ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला. कागदावर सही झाली. पण दूर थाळनेरला बसलेल्या किल्लेदाराने तो कागद मानावा कसा? सर थॉमस हिसलॉपची फौज उत्तरेकडून परतताना तापीवर आली आणि किल्ला खाली करा, असा निरोप गेला. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी तोफा बंद केल्या नाहीत. इंग्रजांनी कळवले की, तहानंतर लढणारा हा शत्रू नव्हे, बंडखोर समजला जाईल. हा शब्दांचा फरक पुढे माणसांच्या जिवावर आला.

दुपारी इंग्रजांची तुकडी पडक्या बाहेरच्या दरवाजातून आत शिरली. एकामागून एक दरवाजे होते. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाले. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीपाशी आतल्या अरब शिपायांशी बोलणी सुरू झाली. आत अरबी, बाहेर इंग्रजी आणि मध्ये हिंदुस्थानी, मराठी जे जमेल ते. कोण काय बोलले आणि कोणाला काय ऐकू आले, ते त्या दिंडीतच राहिले. इंग्रज अधिकारी दिंडीतून वाकून आत गेले, झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि गढीतली सुमारे ३०० माणसे कापली गेली. तुळशीराम मामांना त्याच दिवशी फाशी दिले. जो माणूस आधीच स्वाधीन झाला होता, त्याला!

पुढच्या वर्षी, १८१९ मध्ये, विजयी सेनापतींच्या आभाराचा ठराव पार्लमेंटपुढे आला तेव्हा या फाशीचा प्रश्न तिथे निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दग्याची शिक्षा, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, कारण लिहून देणारे कोणी उरलेच नव्हते. माझे मत विचाराल, तर मला तिथे दगा दिसत नाही. अंधाऱ्या, अरुंद दिंडीत परकी भाषा बोलणारा, तलवार लावलेला माणूस आत वाकून येतो, तेव्हा तो बोलायला आला की मारायला, हे कळायला किती क्षण मिळतात? दरडीवर बसून खाली तापीचे पात्र पाहताना मी याच विचारात होतो. धाकटा जीपमध्ये झोपला होता. उठल्यावर म्हणाला, 'काका, तीनशे माणसं पुरली कुठे असतील?' मी इतिहासाची पुस्तके वाचलेली, तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता.

परदेशात अशा जागांची फार निगा राखतात. बेल्जियममध्ये ईपर नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात ते पार जमीनदोस्त झाले. तिथल्या मेनिन दरवाजावर, ज्यांचे देहसुद्धा सापडले नाहीत अशा सुमारे ५५ हजार सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यात आपले हिंदी सैनिकही आहेत. १९२८ पासून रोज संध्याकाळी आठ वाजता तिथे बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याची वर्षे तेवढी वगळायची. अशा गावात येणारा पाहुणा घरगुती हॉटेलात उतरतो, न्याहारीला मालकीणबाई त्याला कोणाची कबर पाहायची ते विचारतात. आपल्याकडे पानिपतला 'काला आम'पाशी उभे राहता येते, एवढे पुष्कळ. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्याकडे लढाया इतक्या झाल्या, की प्रत्येक जागी बिगूल वाजवायचा म्हटला तर शेती कुठे करायची?

त्या रात्री जेवताना धाकट्याने थाळनेरची हकीकत घरच्यांना सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मग तात्यांनीच पहिल्या दिवशीचा धागा उचलला. 'आणि ते रावलापाणी काय म्हणत होते तुम्ही?'

मी सुरुवात केली. तळोदा तालुक्यात मोरवडला गुलाम महाराज नावाचे आदिवासी संत झाले. दारू सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा आणि एकमेकांना मानाने 'आप' म्हणा, एवढाच त्यांचा उपदेश. म्हणून त्यांच्या पंथाचे नाव 'आप धर्म'. धर्माचे नावच एक सर्वनाम! ज्यांना जन्मभर सगळ्यांनी 'अरे-तुरे' केले, त्यांच्यासाठी हा केवढा मोठा धर्म असेल. सोमवारी आरतीला हजारोंनी लोक जमू लागले. १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले, त्यांच्यानंतर बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. गुत्ते ओस पडले की गुत्तेवाला चिडतो आणि आबकारीचे उत्पन्न बुडाले की सरकारही. त्यात महायुद्धाचे दिवस आणि 'चले जाव'ची चळवळ. हजारो आदिवासी एका माणसाच्या शब्दावर एकत्र येतात, हेच त्या सरकारला पुरेसे भयंकर होते. २ मार्च १९४३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, निझरा नदीकाठी रावलापाणी येथे या जमावावर गोळीबार झाला. १५ आदिवासी ठार झाले.

एवढे सांगून मी थांबलो. मावशी भाकरी थापता थापता थांबल्या होत्या. तव्यावरची करपत होती.

'माझा आजा होता तिथं,' त्या म्हणाल्या.

वीस वर्षे त्या या घरात भाकरी करतात. काकूंनी आपली बाळंतपणाची पथ्ये त्यांना सांगितलेली, सुनेने माहेरची सगळी गाऱ्हाणी सांगितलेली. 'मावशी, कधी बोलल्या नाहीत!' असे काकू म्हणाल्या, त्यात थोडा रागही होता. मावशींनी करपलेली भाकरी उतरवली आणि शांतपणे म्हणाल्या, 'कोणी विचारलं नाही.'

आजाबद्दल त्यांनी सांगितले ते थोडेच. तो वाचला. मरेपर्यंत दारूला शिवला नाही. गोळीबाराबद्दल फारसा बोलत नसे, पण 'आप' त्याने सोडले नाही. लहान पोरांना 'आप' म्हणे आणि नांगराला जुंपताना बैलालासुद्धा 'आप चला' म्हणे. गावातली पोरे हसायची. मावशीही हसायच्या, असे त्या म्हणाल्या. मग सोमवारी त्या सकाळचे जेवण का टाळतात, हेही काकूंना त्या रात्री कळले. इतकी वर्षे त्यांना वाटत होते, मावशींचा महादेवाचा उपास असेल.

रावलापाणीला आम्ही तिघे गेलो. मी, धाकटा आणि मावशी. नंदुरबारवरून तापी ओलांडली की तळोदा, आणि पुढे डोंगर जवळ येत जातात. मावशी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. एरवी त्या बाकावर पाहुणा बसतो. धाकट्याने काही न बोलता त्यांच्यासाठी दार उघडले होते. साल्हेरसारखे इथे नजर लावून पाहावे असे मैदान नाही. खडक, दरड, झाडी आणि पाण्याची वाट. माणसांना पळायचे तर किती थोड्या दिशा होत्या, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. खडकांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. मावशींनी एका खळग्यात बोट घातले आणि बराच वेळ ते तसेच ठेवले. धाकटा मोबाईल काढणार होता, त्याने तो खिशात परत ठेवला.

ही लढाई नव्हे, हे मला माहीत होते. लढाईला दोन बाजूंना हत्यारे लागतात. याच सातपुड्यात पूर्वेला अंबापाणीला ११ एप्रिल १८५८ रोजी खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजांशी लढले. तिथे तीरकामठे होते, बंदुका होत्या, नाकेबंदी होती, ती लढाई. माणेक चौकात झेंडे होते. इथे तर आरती म्हणणारी माणसे होती. मग मी रावलापाणी माझ्या यादीत का धरले? कारण ज्याला तिथे गोळी लागली त्याच्या नातीला हा भेद कोणत्या तोंडाने समजावायचा, हे मला सुचेना. आणि दुसरे असे, की दारूच्या गुत्त्यापाशी पाठ फिरवून चालू लागणे हेही काही सोपे लढणे नसते. साल्हेर आज जगाच्या यादीत आहे, याचा आनंद मला आहेच. पण पुण्या-नाशिकच्या किती घरांत रावलापाणीचे नाव ठाऊक असेल? दरवर्षी २ मार्चला इथे लोक श्रद्धांजलीला जमतात. ते बहुतेक आसपासच्या पाड्यांवरचे.

परतताना मावशींनी तळोद्याच्या बाजारात आमचूर घेतले, भाव केला, दुकानदाराला दोन रुपये सोडायला लावले. रस्त्यात झोपल्याही.

माझ्या शेवटच्या संध्याकाळी नातू वही घेऊन गल्ल्याच्या टेबलापाशी बसला होता. शाळेत 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ' यावर प्रकल्प करायचा होता. साल्हेरवर वर्गातली निम्मी मुले लिहिणार, म्हणून त्याने रावलापाणी घेतले. तारीख त्याने माझ्याकडून घेतली, चित्र काढले, खडक तपकिरी रंगवले. पण मथळ्यापाशी अडला. 'लढाई लिहू, गोळीबार लिहू की हत्याकांड?' तात्या म्हणाले, 'हत्याकांड लिही.' त्याची आई म्हणाली, 'शाळेचं आहे, गोळीबार बरं दिसेल.' माझ्याकडे त्याने पाहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच उठला आणि वही घेऊन चुलीपाशी गेला.

मावशींनी पिठाचे हात पुसले. वाचता येत नव्हते म्हणून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. पंधरा हा आकडा आला तेव्हा त्यांनी मान हलवली.

'वर काय लिहायचं ते तुझं तू बघ,' त्या म्हणाल्या. 'पण खाली लिही, ते महाराजांबरोबर चालले होते. हातात काही नव्हतं.'

त्याने तिथेच उकिडवे बसून ते लिहिले. मग विचारले, 'मावशी, महाराजांना 'ते' लिहू की 'आप' लिहू?' आणि स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले; मावशी सगळ्यांत जास्त.